जुनी जीप : खोडवा ठेवायचा की नवी लागण करायची?



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद, नफातोटा पत्रक, अंदाजपत्रक हे विषय नेहमीप्रमाणे झाले. परंतु सर्वांत जास्त बोलणे झाले ते विषयपत्रिकेवर एका ओळीतही नसलेल्या गोष्टीवर. भंगार लिलावाच्या यादीत अ. क्र. १७ वर एक नोंद होती : ‘जुनी जीप, नादुरुस्त, नग १’. ही नोंद वाचली जाताच सभामंडपात कुजबूज सुरू झाली. वर्कशॉपच्या मागे कडुलिंबाखाली उभी असलेली ती जीप म्हणजे कारखान्याच्या शेतकी खात्याची पहिली गाडी. आमच्यापैकी कित्येकांनी लहानपणी तिच्यामागे धुळीतून पळत जाऊन चिटबॉयच्या शिव्या खाल्लेल्या आहेत.

एका सभासदाने उठून सांगितले, की ही गाडी विकू नये, नीट करून ठेवावी. त्यावर दुसरे एक जाणते सभासद उभे राहिले. ते म्हणाले, “आमच्या उसाच्या बिलाचा दुसरा हप्ता कवा, ते आधी सांगा. जीप मागनं रंगवा.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची नोंद आम्ही येथे मुद्दाम करीत आहोत, कारण प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय या कामाला हात लावण्याचा कोणालाच अधिकार नव्हता.

मग मागच्या रांगेतून आबा उठले. ही जीप ज्यांनी तीस वर्षे चालविली ते आमचे सेवानिवृत्त ड्रायव्हर. वय ऐंशीच्या पुढे. सर्वांना वाटले, आता आबा गहिवरून काहीतरी बोलणार. पण आबा म्हणाले, “मी काय ती ठिवा म्हणत न्हाई. इकायची तर इका. पण मागचं पाटं म्या नवं बसवल्यात, तेवढं ध्यानात धरून पैसं घ्या. भंगाराच्या भावात देऊ नगा.”

सभा हसली आणि मग एकदम गप्प झाली. ज्या माणसाने आपल्या आयुष्याची तीस वर्षे त्या सुकाणूमागे घालविली, तो मायेपोटी काही मागत नव्हता, कारखान्याचे चार पैसे वाचवीत होता. चेअरमनसाहेबांनी ती नोंद यादीतून तूर्त वगळली आणि जीपचे काय करावे हे ठरविण्यासाठी पाचजणांची समिती नेमली. त्या समितीत आम्हीही होतो. काय ठरले, का ठरले आणि काम कोठवर आले, ते सभासदांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

जीप शेतकऱ्याच्या दारात कशी आली

जीप मूळची लढाईची. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असलेली टेहळणीची गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम या लहानशा कंपनीने करून दिला. पुढे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर एवढ्या कामाच्या गाडीचे करायचे काय, असा प्रश्न आला तेव्हा विलीज कंपनीला आठवण झाली ती शेतकऱ्याची! १९४५ साली निघालेली पहिली नागरी जीप ‘सीजे-२ए’ ही शेतावर नांगर ओढणारी, पट्टा लावून यंत्र फिरविणारी आणि बाजाराच्या दिवशी माल नेणारी गाडी म्हणून विकली गेली. म्हणजे जीप लष्करातून सुटली ती थेट बांधावर आली.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लुधियाना येथे ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सुटे भाग आणून मुंबईत जीपची जुळणी होऊ लागली.

आपली जीप १९६५ सालची, ‘सीजे-३बी’ जातीची. हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आले. याचे बॉनेट इतर जीपपेक्षा उंच दिसते, त्याला कारण आहे. इंजिन तेच २,१९९ सी.सी.चे चार सिलिंडरचे, पण हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी रचना केल्याने इंजिनची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेटही वर उचलावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झाले. आपल्या देशात मात्र त्याच धाटणीच्या जीपा त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिल्या.

कारखान्याच्या सुरुवातीच्या दिवसांत ही गाडी काय करीत नव्हती? को-७४० जातीचे बेणे मागे भरून ती गटागटांत जाई. उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, गव्हाण रिकामी पडू लागली की रात्री-अपरात्री टोळीच्या मुकादमाला उठवायला जाणे, ही तिची रोजची कामे. १९७२ च्या दुष्काळात शेतकी अधिकारी हिच्यातून विहिरींचे पाणी मोजत हिंडले. काळ्या रानातल्या पावसाळी चिखलात बैलगाडीही रुतायची, तेथे आबा दुसरी दांडी ओढून चारही चाकांना जोर लावीत आणि तिसरी दांडी टाकून गाडी मंद गतीला घेत, की जीप म्हशीसारखी सावकाश, पण न थांबता बाहेर येई.

आजवर केले ते सारे खोडवे

समितीने प्रथम गाडीची फाईल काढली. फाईल वाचताना आम्हाला आपल्याच शेतीची आठवण झाली. लागणीचा ऊस तुटला की आपण खोडवा ठेवतो. खर्च कमी, कष्ट कमी. पहिला खोडवा चांगला येतो. दुसराही बरा. पण चौथा-पाचवा ठेवत गेलो की नांग्या पडतात, टनेज घसरते आणि शेवटी शेत नांगरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जीपचे तसेच झाले होते.

पेट्रोल परवडेना म्हणून मूळ इंजिन काढून डिझेलचे बसविले. ते वजनाने जड म्हणून पुढचे पाटे बदलले. इंजिनचे पाय बसेनात म्हणून चासीला पट्ट्या जोडल्या. पत्रा सडला तेथे वरून पत्रा मारला, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. एकदा शहरातल्या एका गॅरेजवाल्याला पूर्ण कामाचा ॲडव्हान्स दिला, तर त्याने आठ महिने गाडी पावसात उभी केली आणि शेवटी नुसता रंग मारून परत पाठविली. प्रत्येक वेळी थोडेच पैसे गेले. सारी बिले एकत्र मांडल्यावर मात्र आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. थोडेथोडे करून जे खर्ची पडले, त्यात गाडी एकदा नीट करून झाली असती.

समितीपुढे तीन वाटा होत्या. पहिली, विकून टाकणे. दुसरी, वरून रंग मारून गेटजवळ चौथऱ्यावर बसविणे. तिसरी, बॉडी चासीवरून उतरवून, शेवटचा नट सुटा करून गाडी मूळ स्वरूपात पुन्हा उभी करणे.

दुसरी वाट स्वस्त होती आणि निम्मी समिती तिच्या बाजूची होती. आमच्या हेडमिस्त्रींनी ती मोडून काढली. ते म्हणाले, “साहेब, आपण दर ऑफ सीझनला मिल उघडतो. रोलर काढतो, बेअरिंग बघतो. मिलला वरून रंग मारून बॉयलर पेटवा म्हटलं तर पेटवाल का?” यावर कोणाजवळ उत्तर नव्हते.

चार अटी आणि एक तपासनीस

तिसरी वाट धरायची, पण पुढील अटींवर, असे ठरले.

१) उसाच्या पैशातून एक रुपयाही या कामावर खर्च होणार नाही. कर्मचारी, संचालक व सभासद यांच्या खुषीच्या वर्गणीतून खर्च भागवायचा. ज्याला द्यायची नाही त्याला कोणी विचारायचे नाही.

२) काम आपल्याच वर्कशॉपमध्ये, ऑफ सीझनमध्ये, मिलच्या ओव्हरहॉलिंगला धक्का न लावता करायचे. आय.टी.आय. झालेल्या आपल्या शिकाऊ मुलांना त्यावर शिकवायचे.

३) प्रत्येक अंकात जमाखर्च छापायचा.

४) चासी उघडून पाहिल्यावर ती कामातून गेलेली निघाली, तर तेथेच थांबायचे आणि गाडी विकायची. मात्र चासी चांगली निघाली तर काम अर्ध्यावर सोडायचे नाही.

चौथी अट सर्वांत अवघड. सुटी केलेली आणि मग कंटाळा येऊन पोत्यात भरून ठेवलेली गाडी ही भंगारापेक्षा वाईट. भंगाराला निदान भाव येतो.

हिशेब कोण तपासणार, हा प्रश्न आला तेव्हा सभेत ज्यांनी उसाच्या बिलाचा सवाल केला होता, त्या सभासदांकडेच आम्ही गेलो. त्यांनी आधी चहा पाजला, मग स्पष्ट सांगितले, “वर्गणी देणार न्हाई. पण हिशेब मीच बघणार. पावती नसंल तर बिल पास न्हाई.” आम्हाला याहून चांगला तपासनीस मिळाला नसता.

उघडून पाहिले तेव्हा

हंगाम संपला. पट्टा पडला आणि पंधरवड्यानंतर जीप वर्कशॉपमध्ये आत घेतली. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी कोणालाही पाना हातात घेऊ दिला नाही. आधी सर्व बाजूंनी फोटो. मग प्रत्येक वायरला, प्रत्येक नळीला पत्र्याचा बिल्ला आणि नंबर. नट-बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या डब्यात. हे काम चार दिवस चालले आणि पोरे कंटाळली. पण सहा महिन्यांनी जोडताना याच चार दिवसांचे मोल कळेल, असे मिस्त्री म्हणतात.

बॉडी उतरविली आणि चासी उघडी पडली. घराचा पाया आखताना आपण दोन्ही कर्ण दोरीने मोजून चौकोन गुण्यात आहे का पाहतो, तसेच येथेही केले. पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत टेप लावला, मग उलट बाजूने. त्या दिवशी आबांना मुद्दाम बोलाविले होते. ते स्टुलावर बसून होते आणि एक शब्द बोलत नव्हते. दोन्ही मापांत किंचितच फरक निघाला. म्हणजे चासी वाकलेली, पिळलेली नाही. मागची आडवी पट्टी मात्र गंजून चाळणी झालेली आणि पाट्याच्या खुंटीजवळ जुन्या वेल्डिंगखाली चीर निघाली. मिस्त्रींनी हातोडीने ठोकून ठोकून आवाज ऐकला आणि सांगितले, “पट्टी नवी घालू. चीर पुरी खरडून भरू. बाकी लोखंड जिवंत आहे.”

आबा उठले, चासीवर हात ठेवला आणि घरी गेले. मागचे पाटे त्यांनी सांगितल्याप्रमाणे खरोखरच चांगले निघाले.

दुसरी गोष्ट अनपेक्षित घडली. स्टोअरच्या मागच्या खोलीत गोणपाटाखाली मूळ पेट्रोल इंजिन सापडले. नंबर पुसून आर. सी. बुकाशी ताडून पाहिला, तर तोच. इंजिन पूर्ण जाम होते. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑईल ओतून पंधरा दिवस तसेच ठेवले. सोळाव्या दिवशी लांब दांडा लावून दोघांनी जोर करताच ते कण्हत कण्हत फिरले. सिलिंडर झिजले आहेत, बोअर करून जादा मापाचे पिस्टन घालावे लागतील. पण ब्लॉकला तडा नाही.

मूळ इंजिन मिळणे हे केवळ हौसेचे नव्हे. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वारसा वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेले वाहन या नोंदणीस पात्र ठरते. नव्या नोंदणीची फी त्या नियमात रु. २०,००० ठेवली असून नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही, पण प्रदर्शनास वा मेळाव्यास स्वतःच्या चाकांवर नेता येते. दुसऱ्या जातीचे डिझेल इंजिन तसेच ठेवले असते तर हा दरवाजा बंदच होता.

मळी आणि इथेनॉल

या कामात आपल्या उसाची दोनदा गाठ पडली, ती सांगितली पाहिजे.

गंज काढायला आम्ही मळी वापरली. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी असे द्रावण करून त्यात गंजलेले लोखंडी भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचे. मळीतील घटक गंज धरून ओढून घेतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. घाण वास येतो, फेस येतो, म्हणून पिंपावर झाकण हवे. बाहेर काढल्यावर भाग खळखळून धुऊन ताबडतोब वाळवायचा आणि ऑईल किंवा प्रायमर लावायचा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस पडतो. ॲल्युमिनियमचे भाग आणि कार्बोरेटर यात कदापि घालू नयेत, ते खाल्ले जातात. मळी ही उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणातील वस्तू असल्याने हे सर्व कारखान्याच्या आवारातच, रीतसर नोंद ठेवून केले आहे, याची सभासदांनी नोंद घ्यावी.

दुसरी गाठ इथेनॉलची. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट. पण १९६५ च्या जीपला ही गोष्ट ठाऊक नाही! इथेनॉलने जुने रबर फुगते आणि चिरते. टाकीच्या बुडाचा वर्षानुवर्षांचा मळ सुटून फिल्टरमध्ये अडकतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते हवेतले पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते. म्हणून टाकी पूर्ण साफ करून घेतली. नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा घालणार आहोत. कार्बोरेटरचा जेटही किंचित मोठा लागेल, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी असते. आपल्याच उसातून निघालेले इंधन आपल्याच जुन्या गाडीला सोसावे, एवढी व्यवस्था तर आपण केलीच पाहिजे.

आपल्या दारातील जुन्या गाडीसाठी

या परिसरातील कितीतरी वस्त्यांवर जुनी जीप किंवा ट्रॅक्टर छपरात उभा आहे. ज्यांच्या मनात तो नीट करावा असे आहे, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाचे चार शब्द.

पाना उचलण्याआधी कागद बघा. आर. सी. बुक, चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळत नसतील तर गाडी कितीही चांगली झाली तरी रस्त्यावर येणार नाही.

इंजिनच्या आवाजावर भाळू नका. आधी चासी, मग बॉडीचा तळ, मग इंजिन. इंजिन पुन्हा उभे करता येते. सडलेल्या चासीवर काहीच उभे राहत नाही.

ब्रेकला काटकसर नको. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढच्या चाकांच्या गोळ्यावरील सील गळले की ग्रीस थेट ब्रेकच्या पट्ट्यांवर येते. शिवाय जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. तो गाडी उभी असतानाच ओढायचा, धावत्या गाडीत नव्हे.

अंदाज काढाल त्याच्या दीडपट खर्च आणि दुप्पट वेळ धरा. एवढे धरूनही मन तयार असेल तरच गाडी सुटी करा. नसेल तर आहे त्या स्थितीत झाकून ठेवा. त्यातही कमीपणा नाही.

आज काम कोठे आहे

चासीची मागची पट्टी नवी बसली आहे, चीर भरली आहे, लाल प्रायमर झाला आहे. इंजिन बोअरिंगला गेले आहे. गिअरबॉक्स उघडून टेबलावर आहे आणि आमची दोन शिकाऊ पोरे रोज संध्याकाळी त्याच्यावर वाद घालतात. बॉडीचा तळ अजून व्हायचा आहे आणि वर्गणीही अजून पुरी झालेली नाही. तपासनीस सभासदांनी आतापर्यंत दोन बिले पावतीअभावी परत पाठविली. त्यांपैकी एक आमचे होते.

बॉयलर पेटण्यापूर्वी काम पुरे होईलच, असे वचन आम्ही देत नाही. हंगाम सुरू झाला की वर्कशॉपला दुसरा धंदा नसतो आणि नसावाही. तसे झाले तर पुढच्या ऑफ सीझनला पुन्हा हात घालू. पण गाडी पोत्यात भरली जाणार नाही, एवढे मात्र लिहून देतो.

मागच्या आठवड्यात आबा वर्कशॉपमध्ये आले होते. पोरांनी विचारले, “आबा, झाल्यावर पहिल्यांदा तुम्हीच चालवायची.” आबा म्हणाले, “माजी नजर आता बरी न्हाई. तुमी चालवा, मी शेजारी बसंन. गिअर चुकला तर सांगंन.”

कोणा सभासदाच्या परड्यात, माळ्यावर वा जुन्या गोठ्यात सीजे जातीच्या जीपचा मूळ पेट्रोल पंप, मीटरचा डबा किंवा काचेची चौकट पडून असेल, तर कृपया वर्कशॉप विभागाशी संपर्क साधावा. योग्य किंमत देऊ. पावती मात्र लागेल.

— संपादक मंडळ